शिकागो कब्सचा २०१६चा सीझन: तुमच्या आठवणी लिहा

१९०८ नंतर थेट २०१६! १०८ वर्षांनी कब्स या शिकागोच्या बेसबॉल संघाने वर्ल्ड सिरीज (सातपैकी चार सामने जिंकायची अंतिम मालिका) जिंकली, तीही क्लीव्हलंडविरुद्ध ३-१ अशी मागे असताना, दिवाळीच्या सुमारास. तिथे असलेल्यांनी आणि लांबून पाहणाऱ्यांनीही लिहा. हातचं राखू नका.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून
पाचवा सामना ३० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. हरलो की खेळ खल्लास. पूजा आटोपून फराळाची ताटं घेऊन सगळे टीव्हीसमोर. भारतातून आलेल्या सासूबाई पक्क्या क्रिकेटवाल्या, तासाभरात त्यांना खेळ कळायला लागला. ३-२ अशी आघाडी टिकवायला नऊपैकी सातव्या इनिंगमध्येच आमच्या चॅपमनला चेंडू टाकायला आणलं. एरवी शेवटच्या इनिंगला येणारा माणूस, त्याला आठ जणांना बाद करायचं होतं (एका इनिंगला तीन बाद). सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या जोरात टाकतोय, दमेल ना गं तो?" सहाव्या सामन्यातही त्यालाच आणलं. सातव्यात क्लीव्हलंडच्या डेव्हिसने त्याला होम रन (आपल्या षटकारासारखा) मारला तेव्हा मी आधी त्यांच्याकडे बघितलं.

तेव्हा शिकागोत नोकरीला होते
माझ्या ऑफिसातल्या एका साठीच्या बाईंचे आजोबा आणि वडील दोघेही कब्सवेडे, दोघेही हे न बघताच गेले. रिग्ली फील्ड या कब्सच्या मैदानाबाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक आपल्या गेलेल्या माणसांची नावं खडूने लिहीत होते. आम्ही दोघी रेड लाइन मेट्रोने जवळच्या ॲडिसन स्टेशनला उतरलो. हात पोचेल तिथवर भिंत भरलेली, म्हणून पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून लिहीत होती. आजोबांचं नाव लिहून होईतो बाईंचा खडू संपला. शेजारच्या मुलाने आपला निळा तुकडा दिला, त्याने वडिलांचं लिहिलं. पितृपक्षात पान वाढताना आमच्या आजीचा चेहरा व्हायचा, अगदी तसा त्यांचा झाला होता.

क्लीव्हलंडहून
आमचंही कुणीतरी आठवा! आम्ही १९४८ च्या विजयानंतर थांबलोय. सातवा सामना, आठवी इनिंग, दोन बाद, ६-४ ने मागे. राजाई डेव्हिसने बॅट मुठीपासून बरीच वर धरली होती. चेंडू मैदानाच्या डावीकडच्या भिंतीवरून गेला आणि ६-६! मुलं सोफ्यावर उड्या मारत होती, शेजारच्या घरातला आरडाओरडा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता. नववी इनिंगही बरोबरीतच संपली आणि पाऊस आला, १७ मिनिटं खेळ थांबला. त्या वेळात कब्सच्या हेवर्डने सगळ्यांना एकत्र बोलावून धीर दिला. तो पाऊस नसता तर आम्ही जिंकलो असतो, असं मला आजही वाटतं.

पुण्याहून
आमच्याकडे गुरुवारची सकाळ. शिकागोत शिकणाऱ्या मुलामुळे बघायला बसलो आणि कब्सच्या श्वार्बरपाशी अडकलो. एप्रिलमध्ये गुडघ्याचे लिगामेंट फाटून जवळजवळ अख्खा सीझन घरी, आणि परतला तो एकदम वर्ल्ड सिरीजला. पावसानंतर दहाव्या इनिंगचा पहिला फटका त्याचाच. तिथूनच दोन धावा आल्या, कब्स ८-७ ने जिंकले. माझंही तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुपारी फिजिओथेरपीला गेल्यावर मी पहिल्यांदा व्यायामाची टाळाटाळ केली नाही.