किशोरकुमारबद्दल कमी लोकांना माहीत असलेलं काय आहे? (कार्यक्रमात सांगायचंय)

जळगावकर_माईकवाला
नमस्कार मंडळी. 4 ऑगस्टला किशोरदांच्या वाढदिवसाला आमच्या कॉलनीत कराओके नाईट आहे आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. खरं नाव आभास कुमार गांगुली, चार लग्नं, गाणं शिकलाच नव्हता, हे सगळ्यांना पाठ आहे, तेच सांगितलं की मागच्या रांगेतले काका लोक मोबाईल काढतात. गायक आणि कॉमेडी नट, दोन्ही बाजूंनी काही वेगळं असेल तर टाका. व्हॉट्सॲपवरच्या भाकडकथा नको प्लीज.

तापीकाठ
काय भो, एवढं सोपं विचारलं! पडद्यावर किशोर आणि आवाज रफीसाहेबांचा, हे सांग ना. 1958 चा 'रागिनी' काढ, त्यात 'मन मोरा बावरा' किशोरवर आहे, शास्त्रीय ढंगाचं गाणं, ओ. पी. नय्यरनी ते रफीकडून गाऊन घेतलं आणि आपला हिरो स्वतः गायक असून नुसते ओठ हलवतोय. पुढच्याच वर्षी 'शरारत'मध्ये 'अजब है दास्ताँ तेरी', शंकर-जयकिशन, परत रफी. लोक यात भांडण शोधतात पण माझ्या मते साधं आहे, तेव्हा इंडस्ट्री त्याला आधी नट समजायची. पहिलं गाणं 1948 ला 'ज़िद्दी'मध्ये खेमचंद प्रकाशनी दिलेलं, आणि पहिलं फिल्मफेअर कशाचं तर 1969 च्या 'आराधना'चं, म्हंजे चाळिशीला टेकल्यावर. मधली वीस वर्षं माणूस पडद्यावर माकडचेष्टा करून पोट भरत होता असंच म्हण. तू आधी गाणं वाजव आणि पब्लिकला विचार पडद्यावर कोण, बघ मजा.

भुसावळची_मावशी
माकडचेष्टा काय म्हणता दादा, ते टायमिंग आणा आधी कोणी 😄 'हाफ टिकट' 1962 चा, 'आ के सीधी लगी दिल पे', त्यात बाईचा आवाज पण त्याचाच आणि पुरुषाचा पण त्याचाच, सलील चौधरींचं संगीत. समोर प्राण आहे आणि हा बाईच्या वेषात. बाईच्या आवाजात लताबाई गाणार होत्या, त्या नव्हत्या म्हणून यानेच दोन्ही गायलं असं सांगतात. पण नीट ऐका, बाईचा आवाज काढताना तो चिरकत नाही, लाजतो! गायकाला अभिनय येत असला की हे असं होतं. आणि ज्यांना तो नुसता दंगेखोर वाटतो त्यांना सत्यजित राय यांचा 1964 चा 'चारुलता' दाखवा, त्यातलं रवींद्रसंगीत किशोरचं आहे.

रेल्वे_कॉलनी
आपलाच मानूस शे भाऊ! भुसावळहून गाडीत बसलं की रावेर, बऱ्हाणपूर आणि मग खंडवा. खान्देशचाच धरा.

तापीकाठ
@रेल्वे_कॉलनी खंडवा निमाडात आहे बरं का, माईकवर खान्देश म्हणलास तर कोणी मास्तर उठून उभा राहील. पण शेजारी आहे हे खरं. स्टेजवर तो स्वतःची ओळख खंडवेवाला अशीच करून द्यायचा, मुंबईत एवढी वर्षं काढून पण. 13 ऑक्टोबर 1987 ला गेला तो मुंबईत, त्याच दिवशी मोठा भाऊ अशोककुमारचा वाढदिवस होता, आणि अंत्यसंस्कार खंडव्यालाच झाले, समाधी तिथेच आहे. लोक तिथे दूध-जिलेबी ठेवतात.

धुळे_एफएम
आणीबाणीचं विसरले सगळे. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमाला नाही म्हणाला म्हणून मे 1976 पासून आकाशवाणी-दूरदर्शनवर त्याची गाणी बंद, माहिती-प्रसारण खातं तेव्हा विद्याचरण शुक्लांकडे होतं. हे सांगताना दोन मिनिटांच्या वर जाऊ नको नाहीतर कॉलनीत पार्ट्या पडतील 🙏

जळगावकर_माईकवाला
बाप रे, भारी माल दिला. मराठी पण घ्यायचं होतं एखादं.

भुसावळची_मावशी
मग 'अश्विनी ये ना' शिवाय आहे काय! 'गंमत जंमत' 1987, सचिनचं दिग्दर्शन, अरुण पौडवाल यांचं संगीत, सोबत अनुराधा पौडवाल, आणि पडद्यावर अशोक सराफ. ज्या वर्षी गेला त्याच वर्षीचा पिक्चर. फक्त त्यातलं ते मधलं विचित्र हसणं कराओकेत कोण करणार ते आधी ठरवा, आमच्याकडे गेल्या वेळी गायक तिथेच गप्प झाला आणि तबलजीने हसून वेळ मारून नेली.