शब्दचर्चा : ‘कोरम सेन्सिंग’ला मराठीत काय म्हणावं?

मुलुंडकर : अकरावीच्या मुलांसाठी जीवाणूंवर टिपण लिहितेय. आजूबाजूला पुरेसे जीवाणू जमल्याचं ओळखून ते एकत्र वागू लागतात, त्या ‘कोरम सेन्सिंग’ला ‘गणपूर्ती संवेदन’ चालेल का? आणि ‘नॅचरल प्रॉडक्ट्स’ला, म्हणजे जीवाणू बनवतात त्या प्रतिजैविकांसारख्या पदार्थांना, ‘नैसर्गिक उत्पादने’ लिहिलं तर मुलांना दुकानातला हर्बल साबणच आठवेल.

परळकर : ताई, शब्द चुकीचा नाही. मूळ नावही सभेच्या कोरमवरूनच १९९४ साली ठेवलं गेलं. पण आपल्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी डोकी मोजतो, कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते. जीवाणूंमध्ये मोजणारं कुणीच नसतं.

व्हिब्रियो फिशेरी घ्या. हवाईच्या किनाऱ्यालगतच्या बॉबटेल स्क्विडच्या प्रकाशअवयवात हा जीवाणू राहतो. त्याचं लक्सआय हे विकर (एन्झाइम) पेशीत असलेलाच माल वापरतं : एस-ॲडेनोसिल मेथिओनिन आणि वाहक प्रथिनावर चढलेला मेदाम्लाचा तुकडा. त्यांतून असिल होमोसेरिन लॅक्टोन बनतो. हा रेणू इतका लहान की पेशीपटलातून सहज ये-जा करतो. मोकळ्या समुद्रात तो वाहून जातो. अवयवात मात्र साचतो, लक्सआर प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि प्रकाशाची जनुकं सुरू होतात. लक्सआयचं जनुक त्याच रांगेत असल्यामुळे रेणू आणखी भराभर बनू लागतो. थोडक्यात, जीवाणूला कळते ती साचलेल्या रेणूची मात्रा. जागा बंदिस्त असेल तर थोडे जीवाणूही पुरतात.

दादरकर : मग ‘दाटीची जाण’ म्हणा की!

परळकर : आवडला. दाटी म्हटलं की जागा किती हेही आपोआप आलं. ताई, एकदा ‘गणपूर्ती संवेदन’ देऊन पुढे हाच वापरा.

गिरगावकर : सर, असे सगळेच रेणू ‘संदेशरेणू’ म्हणायचे का?

परळकर : सरसकट नको. एआय-२ हा रेणू लक्सएस या विकराच्या कामातून निघतो, आणि ते काम मुळात पेशीतला विषारी अवशेष निकाली काढण्याचं आहे. व्हिब्रियो हार्वेयी हा दुसरा जीवाणू त्यावरून दाटी ओळखतो, म्हणून तिथे तो संदेश. जिथे ओळखणारी यंत्रणाच नाही, तिथे नुसतं ‘उपउत्पादन’ म्हणावं.

मुलुंडकर : आणि माझा दुसरा प्रश्न?

परळकर : ‘जीवाणूजन्य संयुगे’ लिहा. पुस्तकांत ‘दुय्यम चयापचयजन्य पदार्थ’ असतं, त्याला माझा ठाम विरोध आहे. पेशीच्या वाढीला ती लागत नाहीत एवढाच तिथे ‘दुय्यम’चा अर्थ, पण वाचणाऱ्याला ती कमी महत्त्वाची वाटतात. स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस हा मातीतला जीवाणू ए-फॅक्टर नावाचा रेणू सोडतो. तो पुरेसा साचला की जनुकं दाबून ठेवणारं प्रथिन डीएनएवरून सुटतं आणि स्ट्रेप्टोमायसिन बनायला लागतं. १९४३ साली सापडलेलं, क्षयावरचं पहिलं खरं गुणकारी प्रतिजैविक. शिवडीच्या क्षयरुग्णालयाला लागून असलेल्या आमच्या भागात त्याला दुय्यम म्हणायला जीभ रेटत नाही.

मुलुंडकर : ‘जीवाणूजन्य संयुगे’ घेतलं. ए-फॅक्टरचं उदाहरणही टिपणात घालते.