अनुभव धागा: टाचा, घोटे, तळपाय – कुठे दुखायचं, कधी दुखायचं, कशाने गेलं?

पाय दुखतोय म्हटलं की प्रत्येकजण वेगळा उपाय सांगतो, आणि बहुतेकदा तो खराही असतो, त्याच्या पायापुरता. एका पावलात 26 हाडं आणि तीसहून जास्त सांधे असतात. नुसतं "पाय दुखतो" यावरून कुणालाच काही कळत नाही. म्हणून विनंती एवढीच की दुखणं नेमकं कुठे होतं, दिवसातून कधी वाढायचं आणि काय केल्यावर फरक पडला ते लिहा.

मीच सुरुवात करते. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेच्या खाली, जरा आतल्या बाजूला, खिळा घुसावा तशी कळ यायची. थोडं चाललं की ओसरायची. बराच वेळ बसून उठलं की पुन्हा हजर. हे प्लँटार फॅशिआयटिस, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याचं दुखणं. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तेव्हा मी धास्तावलेच होते. पण फिजिओने समजावलं की असं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतं. उपचार पट्ट्यावर करायचा.

व्यायाम पलंगावरच, पाऊल जमिनीला लागायच्या आधी. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढायची आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवून बघायचा. पट्टा ताठ झालेला स्पष्ट लागतो. तो लागला नाही तर ओढ कमी पडतेय. 10 सेकंद धरायचं, असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. जोडीला भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण. घरात अनवाणी फिरणं बंद, मऊ चपला सतत पायात. फरक हळूहळू पडला. आधी कळ येण्याची वेळ कमी झाली, मग तीव्रता. यात महिने जातात हे आधीच कळलेलं बरं, म्हणजे माणूस मध्येच सोडत नाही. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय आटोक्यात येतं.

*

माझंही हेच होतं. एक भर घालतो: इंजेक्शन. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने मला पटकन आराम पडला, पण काही आठवड्यांनी दुखणं परत आलं. डॉक्टरांनी दुसऱ्या इंजेक्शनला स्वतःहून नकार दिला. वारंवार घेतल्याने तो पट्टा फाटू शकतो, टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते. शेवटी उपयोग व्यायामाचाच झाला.

*

माझी टाच मागून दुखायची, जिथे पोटरीचा जाड स्नायुबंध टाचेला मिळतो त्याच्या थोडं वर. चिमटीत धरलं तरी दुखायचं. पळणाऱ्यांमध्ये हे फार आढळतं. पूर्ण विश्रांतीने बरं वाटायचं आणि पळायला लागलं की मूळ पदावर. स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन यांची 1998 सालची पद्धत फिजिओने करून घेतली: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायावर सावकाश टाच खाली सोडायची. 15 वेळा, असे 3 संच, दिवसातून 2 वेळा, 12 आठवडे. गुडघा सरळ ठेवून आणि जरा वाकवून, दोन्ही प्रकारे. व्यायाम करताना थोडं दुखतं, ते चालतं. अचानक मागून लाथ बसल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभंच राहता येईना, तर मात्र व्यायाम नाही, थेट डॉक्टर. स्नायुबंध तुटलेला असू शकतो.

*

घोटा मुरगळण्याबद्दल लिहिते, कारण "लचकलंय, होईल बरं" यावर सगळे थांबतात. खेळताना पाऊल आत वळलं आणि घोट्याची बाहेरची बाजू बघता बघता सुजली. हाड मोडलंय का हे बघताना डॉक्टरांनी घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूची हाडं मागच्या कडेने दाबून पाहिली, पायाच्या बाहेरच्या कडेवरचं आणि आतल्या कमानीवरचं हाड दाबलं, आणि चार पावलं टाकायला सांगितली. या जागा दाबल्यावर दुखत असतील किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचा असा नियम आहे म्हणाले. माझ्यावर एक्स-रेची वेळ आली नाही.

सूज उतरल्यावर मला वाटलं, संपलं. खरं काम तिथून सुरू होतं. लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा बंध, ताणलं गेलं की पायाचा तोल सांभाळण्याची जाण मंदावते आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. एका पायावर उभं राहून दात घासायचे, जमायला लागलं की उशीवर उभं राहायचं. डोळे मिटून करायचं तर भिंत हाताशी हवी. आधी मी लगेच डगमगायचे. आता डोळे मिटूनही स्थिर उभी राहते, आणि घोटा पुन्हा मुरगळलेला नाही.

*

आमच्या सासऱ्यांना मधुमेह आहे. एका संध्याकाळी त्यांनी बूट काढले तर मोज्याला ओला तांबूस डाग. बुटात शर्टाचं बटण पडलं होतं. त्यावर ते दिवसभर चालले होते आणि त्यांना काहीही दुखलं नव्हतं! जखम भरायला फार दिवस लागले. तेव्हापासून त्यांचे पाय रोज रात्री मी बघते. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं उजेडात. बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपायचा. गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी पाणी कोपराने तपासायचं. मलम तळव्याला लावायचं, बेचक्यांत नाही, तिथे ओल राहते. भोवरीवर चिकटवायच्या औषधी पट्ट्या आणायच्या नाहीत, त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. डॉक्टर वर्षातून एकदा नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला स्पर्श करून संवेदना तपासतात. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर ही तपासणी मागून घ्या, अगदी कळकळीने सांगते.

*

छोटे अनुभव एकत्र देतो. चिखल्या: खाज थांबली की मलम बंद करू नये, पाकिटावर दिलेले दिवस पूर्ण करावेत, बेचक्या रोज कोरड्या कराव्यात. भेगा: युरिया असलेलं मलम रात्री लावून वर मोजे. अंगठ्याचं नख आत रुतणं: नख सरळ कापावं, कोपरे खोल गोलवू नयेत, पू झाला तर घरी कोरत बसू नये. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं असेल तर पुढून रुंद बूट घ्या, रात्रीच्या पट्ट्याने हाड सरळ होत नाही. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात.

*

लहान मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या मुलाचे तळवे सपाट दिसतात म्हणून काळजी वाटायची. डॉक्टरांनी त्याला चवड्यांवर उभं केलं आणि कमान लगेच दिसली. लहान वयात असं सर्रास असतं, दुखत नसेल तर खास बुटांची गरज नाही म्हणाले. चवड्यांवर उभं राहूनही ज्याची कमान दिसत नाही, किंवा ज्याचे पाय दुखतात, अशा मुलाला तपासून घ्यायला सांगितलं. असा अनुभव कुणाचा असेल तर पुढे काय केलं ते जरूर लिहा.