मदत हवी आहे : दुर्घटनेनंतरचे पहिले निवेदन कसे असावे?

रसायन कारखान्यांतील सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी मी मराठीत एक प्रशिक्षण सत्र तयार करीत आहे, आणि त्यासाठी २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातील तेलगळतीचे उदाहरण घेतले आहे. २० एप्रिल रोजी डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट होऊन ११ कामगार दगावले. त्यानंतर दिवसाला सुमारे १,००० पिंपे तेल गळत असल्याचे सांगितले गेले, तर सरकारी शास्त्रज्ञांचा पुढचा अंदाज ५०,००० पिंपांच्याही वर गेला. मला सर्वांत गंभीर वाटते ती हीच बाब. ही विहीर खोदून घेणाऱ्या बीपी या ब्रिटिश तेल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड यांनी आपल्याला आपले आयुष्य परत हवे आहे असे म्हटले, त्याचीच चर्चा अधिक झाली. परंतु गळतीच्या आकड्यांबाबत अमेरिकी काँग्रेसची दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने २०१२ मध्ये कबूल केला, हे फारसे कुणी सांगत नाही.

माझी अडचण अशी आहे की, नेमका आकडा हाती नसताना पहिल्या काही तासांत गावकऱ्यांना काय सांगावे, याचा मराठी नमुना मला मिळत नाही. ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ हे वाक्य मला त्यात मुळीच नको आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४१-ब नुसार परिसरातील लोकांना धोक्यांची माहिती देणे बंधनकारक होते. त्यासाठी काढलेली एखादी सुबोध मराठी सूचना, किंवा मॉक ड्रिलच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून वाचलेला मजकूर कुणाकडे असल्यास कृपया पाठवावा. वाऱ्याची दिशा, विहिरीचे पाणी आणि जनावरे यांविषयीच्या सूचना त्यात कोणत्या क्रमाने दिल्या होत्या, हेही जरूर कळवावे.