कातळावरच्या काजू-आंब्याला पातेऱ्याचं आच्छादन घालू का? वाळवी आणि वणव्याची भीती वाटते

नवी_बाग_लांजा: नमस्कार मंडळी. लांज्याजवळ जांभ्या जमिनीत गेल्या पावसात हापूस आणि वेंगुर्ला-4 काजूची कलमं लावली. माती कमी, थोडं खणलं की कातळ लागतो. फेब्रुवारी लागल्यापासून बांधावरच्या ऐन-किंजळाचा आणि सागाचा भरपूर पातेरा, म्हणजे सुका पाला, पडतोय. गडी म्हणतात, भाताचं रोप करायच्या जागेवर राब भाजायला ठेवा नाहीतर जाळून टाका, कलमांच्या बुडाशी घातलात तर वाळवी खाईल. मला तो जाळायचं जिवावर येतं. पानांनी जमीन आंबट होते असंही ऐकलं. काय करू?

देवगडकर: बिनधास्त घाला. आधी पाणी द्या, मग पाला. सुक्या मातीवर घालून उपयोग नाही.

राजापूरची_बागाईत: जाळू नका हो! जाळलात की पानातलं नत्र हवेत जातं. मागे राहते ती राख, आणि आपल्याकडचा जूनचा पाऊस तीही उतारावरून व्हाळात नेतो. कातळावर माती तयार व्हायची तर ती या पातेऱ्यातूनच होणार, दुसरीकडून कुठून येणार?

आता वाळवीचं. तिला सुकं लाकूड-पाला हवा असतो, आणि उन्हाने खंगलेलं कलम तिला लवकर सापडतं. म्हणून बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडायची आणि त्यापुढे आळंभर चार-सहा बोटं जाड थर द्यायचा. आठवड्यातून एकदा वाकून बुंधा बघायचा. सालीवर मातीचा पापुद्रा चढलेला दिसला की खरवडून काढायचा आणि आळ्यात थोडी निंबोळी पेंड टाकायची. हे बघणं चुकवू नका, पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत कलम जगतं की जातं ते यावरच ठरतं.

सागाची पानं अख्खी घालू नका. ती एकावर एक पत्र्यासारखी बसतात आणि पाणी वरून निघून जातं. कोयत्याने तोडून किंजळीच्या पाल्यात मिसळा. वर चिऱ्याचे तुकडे किंवा फांद्या ठेवा, नाहीतर वारा सगळं शेजाऱ्याच्या बागेत नेऊन टाकेल.

पाला मातीत पुरू मात्र नका. सुकी पानं कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि कलम पिवळं पडतं. वरच राहू द्या. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) असेल तर त्याचा ओला पाला मधे मधे घाला, जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पाणी) शिंपडा. आंबटपणाची काळजी सोडा. जांभ्याची माती मुळातच आम्ल असते, कुजलेल्या पानांनी त्यात फार फरक पडत नाही.

श्रावणात एकदा थर उचलून बघा. पानांना पांढरी बुरशी धाग्यांनी शिवल्यासारखी धरून असते, किंजळीच्या पानाची फक्त जाळी उरलेली असते, आणि खाली गांडुळांनी टाकलेली काळी रवाळ माती दिसते. मी ती मूठभर उचलून वास घेते, अजूनही!

वेंगुर्ल्याचा_माड: ताईंशी सहमत. एक भर घालतो. जवळपास माड असतील तर शेणखताचे उघडे ढीग आणि कुजके माडाचे ओंडके बागेत ठेवू नका, गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो. सुक्या पानांच्या पातळ थराला तशी भीती नाही.

नवी_बाग_लांजा: मनापासून आभार. वणव्याचं कोणी बोललं नाही. आमच्या वरच्या अंगाला सडा, म्हणजे कातळाचा माळ, आहे आणि त्यावर गवत आहे.

राजापूरची_बागाईत: मग आधी ते काम, पाला नंतर. सड्याच्या बाजूला दहा-पंधरा फुटांचा पट्टा गवत कापून, पातेरा झाडून अगदी लख्ख करा. तिथला पाला कलमांना येईल. पट्टा शिमग्याच्या आत झालाच पाहिजे, नंतर वारा सुटला की कोणाचीही बिडी पुरते. कलमांची आळी एकमेकांना पाल्याने जोडू नका, मधे उघडी जमीन ठेवा. आणि मिरगाआधी बुंध्याजवळ सरकलेला पाला मागे ओढा, पावसात तो तिथे राहिला तर साल कुजते. पुढच्या वर्षी दिवाळीत सड्यावरचं गवत कापाल ते आळ्यांना घाला. थंडीत आच्छादन हवं असतं आणि तेव्हा पानं अजून झाडावरच असतात.

नवी_बाग_लांजा: पट्ट्याचं काम उद्याच लावतो.