'ग्रेंज हॉल'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या शेतकरी चळवळीवरचा लेख मराठीत आणतेय. 'ग्रेंज हॉल' पानोपानी येतो. कोशात ग्रेंज म्हणजे 'धान्याचं कोठार', पण इथे तर लोक जेवतात, गातात, ठराव करतात. 'चावडी' चालेल का?

— कोठार हा मूळ अर्थ बरोबरच आहे. लॅटिन 'ग्रानुम' म्हणजे दाणा. त्यावरून फ्रेंचमध्ये 'ग्रांज' म्हणजे कोठार. इंग्लंडात मठाच्या लांबच्या शेतवाडीलाही ते नाव पडलं. १८६७ साली ऑलिव्हर केली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये शेतकऱ्यांची संघटना काढली, तिच्या गावशाखेला त्यांनी 'ग्रेंज' म्हटलं. पुढे संघटनाही ग्रेंज आणि शाखेची वास्तू ग्रेंज हॉल. तेव्हा वाक्यात यातला कुठला अर्थ आहे ते आधी पाहा.

चावडी मात्र नको. तिथे पाटील-कुलकर्णी बसायचे, रयत सारा भरायला जायची आणि बायका तिच्यावरून खाली मान घालून जायच्या. ग्रेंजमध्ये बायका पहिल्यापासून बरोबरीच्या सभासद. केलीची भाची कॅरोलाइन हॉल हिने तो आग्रह धरला होता. सीरीस, पोमोना, फ्लोरा (धान्य, फळं, फुलं यांच्या रोमन देवता) ही पदं बायकांचीच. आणि मंडळी जमायची ती रेल्वेच्या भाड्याविरुद्ध, धान्यकोठारवाल्यांच्या दरांविरुद्ध. इलिनॉय राज्याने या दरांना कायद्याने मर्यादा घातली आणि तो कायदा १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला. एवढी झुंज 'चावडी'त मावत नाही.

पदांची नावंही जपून घ्या. 'लेक्चरर'चा 'व्याख्याता' करू नका. सभेत कोण गाणार, कोण वाचणार, चर्चा कशावर, हे ठरवणारी ती व्यक्ती. 'कार्यक्रमप्रमुख' बरं.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या काही जुन्या हॉलांत रंगमंचाचा रंगवलेला कापडी पडदा अजून आहे. मधोमध तळं आणि डोंगर, कडेने गावातल्या दुकानांच्या जाहिराती. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांचे पडदे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे चित्र लगेच आपलं वाटेल.

मी 'सावडघर' सुचवेन. आमच्याकडे कोकणात लावणीला आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या, अशी सावड असते. तोच भाव.

— सावडीचा अर्थ पोचला, पण 'सावडघर' वाचून काळजात चर्र झालं. आमच्याकडे 'सावडणं' म्हटलं की तिसऱ्या दिवशीच्या अस्थीच आठवतात. 'इर्जिक' (सगळ्यांनी मिळून एकाचं शेत नांगरून देणं) का नको? त्यात नांगरटीनंतरचं जेवणही येतं.

— हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सावडघर मागे घेतो. इर्जिक शब्द फार गोड, पण ते कामाचं नाव. दिवस मावळला की संपतं. हॉल पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. म्हणून पहिल्या उल्लेखाला 'ग्रेंज हॉल, म्हणजे शेतकऱ्यांचं स्वतःचं सभाघर' असं लिहा आणि पुढे नुसतं 'ग्रेंज'.

आणि हो, तिथल्या जेवणाला 'पॉटलक' ठेवू नका. घरोघरून एकेक पदार्थ आणून सगळ्यांनी मिळून जेवायचं, त्याला आपल्याकडे अंगतपंगत म्हणतात.