मदत हवी आहे : ५० हजारांत गेमिंग पीसी, हे पार्ट एकमेकांशी जुळतील का?

मंडळी, धाकट्या भावासाठी गेमिंग पीसी जोडायचा आहे. आम्ही कणकवलीला असतो. मामा गणपतीला मुंबईहून येताना लॅमिंग्टन रोडवरून सगळं सामान आणणार आहेत. इथे पोचल्यावर एखादा पार्ट बसला नाही, तर तो बदलून आणायला पुन्हा मुंबईला कोण जाणार? म्हणून यादी आधीच नीट तपासून घ्यायची आहे. बजेट ५०,००० रुपये, ओढूनताणून आणखी दोन-तीन हजार.

भाऊ व्हॅलरंट आणि जीटीए ५ खेळतो. शिवाय ब्लेंडर (थ्रीडी चित्रं-अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) शिकतोय, आणि त्यात त्याचा हात खरंच चांगला आहे. मी मागे लागले आहे ती मुख्यतः त्यासाठी.

दुकानदाराने दिलेली यादी :

रायझन ५ ५६०० प्रोसेसर, सोबतच्या कूलरसह
बी४५० मदरबोर्ड
८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ३२००
५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी
आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी. बजेटात बसलं नाही तर आरएक्स ६५०० एक्सटी घ्या म्हणतो.
४५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा)

जुन्या पीसीतलं कॅबिनेट, १ टीबीची हार्ड डिस्क, मॉनिटर आणि यूपीएस वापरायचा विचार आहे. मॉनिटर साडेअठरा इंची असून त्याला फक्त व्हीजीए पोर्ट आहे. यूपीएसवर ६०० व्हीए / ३६० वॅट असं छापलंय. पावसाळ्यात इथे वीज सारखी जाते-येते, त्यामुळे यूपीएसशिवाय चालणारच नाही.

प्रोसेसर आणि बोर्डाचं सॉकेट एकच, एएम४, एवढं मी पाहिलं. पण तेवढ्याने भागतं का? यूपीएसला हा लोड झेपेल का? आणि जुना मॉनिटर चालेल ना?

प्रतिसाद :
सॉकेट जुळणं ही पहिली पायरी झाली. बी४५० चिपसेट २०१८चा आणि ५६०० आला २०२२ला. बोर्ड दुकानात बराच काळ पडून असेल, तर त्यातल्या जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) हा प्रोसेसर ओळखताच येणार नाही. पंखे फिरतील, स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. मामांना सांगा, प्रोसेसर आणि रॅम लावून बोर्ड दुकानातच चालू करून दाखवायला लावा. ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे ही चाचणी ग्राफिक्स कार्ड लावूनच होईल. किमतीत फार फरक नसेल, तर सरळ बी५५० घ्या.

६५०० एक्सटी घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतो. ते कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, फक्त चार लेन वापरतं. बी४५० हा जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई ३चा बोर्ड, त्यावर त्या कार्डाचा वेग चांगलाच पडतो. त्यात मेमरी ४ जीबी, म्हणजे ब्लेंडरमध्ये जरा मोठा सीन घेतला की संपली. ६६०० आठ लेन वापरतं, बी४५०वरही त्याचं नुकसान किरकोळ असतं.

प्रतिसाद :
यूपीएसचा हिशेब करू. कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर पूर्ण ताणला तर ७६, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ५० धरा. झाले साधारण २६०. एसएमपीएस स्वतः थोडी वीज खातो, म्हणजे यूपीएसकडून ३००च्या आसपास ओढली जाईल. वर मॉनिटर. ३६०मध्ये बसतं, पण अगदी काठावर, आणि जुन्या बॅटरीवर मी विसंबणार नाही. आधी बॅटरी बदला आणि गेममध्ये फ्रेम सेकंदाला ६०वर बांधून ठेवा, म्हणजे कार्ड कमी वीज ओढेल. तुमचा मॉनिटर बहुधा ६० हर्ट्झचाच असेल, त्याला जास्त फ्रेमचा उपयोग नाही. लाइट गेल्यावर काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता वेळ मिळाला तरी पुष्कळ.

एसएमपीएसच्या बाबतीत मात्र काटकसर नको. नामांकित कंपनीचा ४५० वॅटचा पुरेसा आहे. जुन्या कॅबिनेटसोबत आलेला आहे म्हणून तोच लावायचा, असं करू नका. कार्डाला पीसीआयईची आठ पिनची वायर लागते. प्रोसेसरची आठ पिनची वायर वेगळी असते, ती तिथे लावायची नाही.

धागाकर्ती :
मनापासून आभार! मॉनिटरचं काय करू? आणि ब्लेंडरसाठी एनव्हिडियाचं कार्ड घ्यावं असंही एकाने सुचवलं.

प्रतिसाद :
६६००ला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असतात, व्हीजीए नसतं. आत चिप असलेला एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, नुसती वायर चालणार नाही. सध्या तेवढ्यावर भागवा, दिवाळीत १०८० पीचा मॉनिटर घ्या.

ब्लेंडरच्या सायकल्समध्ये (सीनचं अंतिम चित्र तयार करणाऱ्या, म्हणजे रेंडर करणाऱ्या भागात) एनव्हिडियाला फायदा आहे हे खरं. त्या बजेटात ८ जीबीचं आरटीएक्स ३०५० येतं, पण गेममध्ये ते ६६००च्या मागे राहतं. भाऊ अजून शिकतोय आणि ६६००वरही सायकल्स चालतं, त्यामुळे मी ६६००च घेईन. रेंडरचं काम मिळायला लागलं की तेव्हा कार्ड बदलता येईल.

कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. एकाच मॉडेलच्या कार्डाची लांबी कंपनीप्रमाणे बदलते. रॅम चार खाचांच्या बोर्डात सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावतात. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायला विसरू नका, नाहीतर ३२००ची रॅम कमी वेगाने चालत राहील.

धागाकर्ती :
आत्ताच मोजलं, २६ सेंमी भरलं. म्हणजे तीन पंख्यांचं लांब कार्ड नको, दोन पंख्यांचंच आणायला सांगते, तेही खोक्यावरची लांबी वाचून. बी५५० मिळाला तर तो, नाहीतर बी४५० दुकानात चालू करूनच घ्यायचा. यूपीएसची बॅटरी इथेच बदलून घेते. जुनी १ टीबीची डिस्क तशीच लावली, तर तिच्यातलं जुनं विंडोज आडवं येईल का?

प्रतिसाद :
विंडोज टाकताना ती डिस्क जोडूच नका. नव्या एसएसडीवर सगळं नीट चालू झालं, की मशीन बंद करून डिस्क जोडा, आणि बायोसमध्ये बूटसाठी एसएसडी पहिली ठेवा. जुने फोटो, फायली जशाच्या तशा दिसतील.